गुडघ्यांचे दुखणे आणि व्यायामोपचार
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



 अशा प्रसंगी शिक्षण, शिष्यवृत्त्या, विवाहातील अनावश्यक खर्च इत्यादी विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. आम्ही मात्र आज गुडघ्यांविषयी बोलणार आहोत. विषयाची घोषणा होताच काही तरुण मंडळींच्या मुखावर स्मित उमटले, ते आमच्या नजरेतून सुटले नाही. परंतु या मंडळींनी मान वळवून सभागृहाच्या मागील भिंतीकडे एकवार पाहावे. तेथे खुर्च्यांची रांग मांडलेली आहे आणि ती दरवर्षी लांबत चालली आहे. त्या खुर्च्यांवर बसलेल्या माताभगिनी काही वर्षांपूर्वी पुढे सतरंजीवर बसत असत. शिवाय ज्या आज आल्याच नाहीत, त्यांच्या घरी चौकशी केली असता "जिना उतरवत नाही" हेच उत्तर मिळेल. मनुष्य समाजातून उठतो तो पुष्कळदा असा, एकेका पायरीने.

आम्ही वैद्य नाही, डॉक्टर नाही. मॅट्रिक होऊन शिक्षकाची नोकरी पत्करली आणि तीसहून अधिक वर्षे फळ्यापुढे उभे राहून काढली. साठी उलटल्यावर आमच्या उजव्या गुडघ्याने कुरकुर सुरू केली, तेव्हा जिज्ञासेपोटी आम्ही या विषयाची माहिती गोळा केली, जाणत्यांना विचारले आणि एका व्यायामोपचार केंद्रात जाऊन तो उपचार स्वतः घेतला. जे कळले ते आपणांपुढे मांडणे, एवढाच आजचा आमचा अधिकार.

प्रथम या व्याधीचे स्वरूप पाहू. आपल्याकडे सांध्यांच्या सर्व दुखण्यांस सरसकट "वात" म्हणण्याची रीत आहे. परंतु वैद्यकशास्त्र यात भेद करते. ज्यास आमवात म्हणतात, त्यात शरीराची संरक्षक यंत्रणाच सांध्यांवर उलटते. त्याचे औषधपाणी निराळे आणि ते तज्ज्ञाकडूनच व्हावे लागते. आज आपला विषय आहे तो उतारवयातील गुडघ्याच्या झिजेचा संधिवात. डॉक्टर मंडळी त्यास ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि पुढील वाटी यांच्या भेटीने गुडघा बनतो. हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. नारळातील कोवळ्या खोबऱ्याची कल्पना करावी, म्हणजे ते कसे असेल हे ध्यानात येईल. या व्याधीत ते आवरण विरळ आणि खरखरीत होते, हाडांच्या कडांना टोके फुटतात, सांध्याचे अस्तर अधूनमधून सुजते. सकाळी उठताच गुडघा काही मिनिटे आखडलेला वाटतो, जिना चढताउतरताना कळ येते, मांडी घालून बसल्यावर उठणे जड जाते.

ही व्याधी काही थोड्यांची नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०१९ साली जगात सुमारे ५२ कोटी ८० लक्ष लोकांस हा झिजेचा संधिवात होता, आणि त्यांपैकी ३६ कोटी ५० लक्ष लोकांच्या बाबतीत तो गुडघ्यात होता. रुग्णांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे शेकडा ६० आहे. वाढते वय, वाढलेले वजन, पूर्वी झालेली गुडघ्याची इजा आणि घराण्यातील कल ही त्याची प्रमुख कारणे होत.

आता आमच्या विषयाच्या गाभ्याकडे येतो. झीज हा शब्द ऐकताच आपल्या डोळ्यांपुढे बैलगाडीचा आस येतो. आस जितका फिरेल तितका झिजेल. तेव्हा गुडघा वाचवावयाचा तर तो वापरू नये, असे अनुमान मनुष्य सहज काढतो. घरातील मंडळी प्रेमाने म्हणतात, "आई, तू आता उठू नकोस, तुझे गुडघे झिजतील." हे प्रेम खरे आहे, पण हे अनुमान खरे नाही. आस हा निर्जीव असतो. गुडघा जिवंत आहे. कूर्चेमध्ये रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातील वंगणासारख्या द्रवातून होते. पाण्यात बुडविलेला स्पंज दाबला की त्यातील पाणी बाहेर येते आणि सोडला की नवे पाणी आत शिरते. गुडघ्यावर भार पडतो आणि उतरतो, तेव्हा कूर्चेत हाच व्यवहार घडत असतो. हालचाल थांबली की हा व्यवहार मंदावतो.

याहून महत्त्वाची गोष्ट स्नायूंची. मांडीच्या पुढील बाजूस चार स्नायूंचा एक समूह आहे. खुर्चीवरून उठताना, पायरी चढताना आणि विशेषतः उतरताना शरीराचा भार तोलून धरण्याचे काम तो करतो. गुडघा दुखू लागला म्हणजे मनुष्य तो पाय कमी वापरतो. पाय कमी वापरला म्हणजे हा स्नायू रोडावतो. स्नायू रोडावला म्हणजे सांध्याला बसणारे हिसके वाढतात आणि दुखणे बळावते. असा हा फेरा आहे. "दुखणे हत्तीच्या पावलाने येते आणि मुंगीच्या पावलाने जाते" अशी आपल्याकडे म्हण आहे. गुडघ्याचे दुखणे मात्र येतेही मुंगीच्याच पावलाने, आणि म्हणूनच ते घरात शिरल्याचे पुष्कळ दिवस कळत नाही. या फेऱ्यातील एक कडी आपल्या हाती आहे. झिजलेली कूर्चा पूर्ववत करणारे औषध अद्याप सिद्ध झालेले नाही. स्नायू मात्र कोणत्याही वयात बळकट करता येतो. सत्तराव्या वर्षीही तो मेहनतीला प्रतिसाद देतो, हे शास्त्राने वारंवार पडताळून पाहिलेले आहे.

या विचाराचा इतिहास मनोरंजक आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात अमेरिकेतील शिकागो शहरी सैनिकांसाठी एक रुग्णालय होते. गुडघ्याला इजा झालेल्या अनेक जवानांनी तेथील खाटा अडवून ठेवल्या होत्या, कारण त्या काळच्या हलक्या व्यायामाने त्यांच्या मांडीचे स्नायू लवकर भरून येत नसत. थॉमस डीलॉर्म नावाचा एक तरुण लष्करी डॉक्टर तेथे होता. त्यास स्वतःस वजने उचलण्याचा शौक होता. त्याने या जवानांच्या पायाला लोखंडी जोडा बांधून वजन उचलावयास लावले आणि जसजशी ताकद वाढेल तसतसे वजन वाढविले. जवान अपेक्षेपेक्षा पुष्कळच लवकर बरे झाले. १९४५ साली त्याने हा अनुभव प्रसिद्ध केला आणि "क्रमाने वाढत्या विरोधाचा व्यायाम" हे तत्त्व वैद्यकात रूढ झाले. आमच्या तालमींतील वस्तादांस हे तत्त्व नवे वाटणार नाही. नव्या पठ्ठ्याच्या हाती पहिल्याच दिवशी जड करेल देणारा वस्ताद कोणी पाहिला आहे काय? औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, त्यातही नियमितपणा आणि क्रमशः वाढ यांवरच भर होता. सांगावयाचे ते इतकेच की, ही वस्तू परदेशी म्हणून परकी मानण्याचे कारण नाही.

आपल्या मुंबईतही या शास्त्राचे रोपटे जुने आहे. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत परळच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने फिजिओथेरपीचे शिक्षण देणारी शाळा निघाली, आणि १९५५ साली हाजी अली येथे पुनर्वसनासाठी अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. आज जिल्ह्याच्या गावीही फिजिओथेरपीची पदवी घेतलेली मुले-मुली आढळतात. सामग्री आहे; तिचा उपयोग करून घेण्याची बुद्धी आपणांस व्हावयास हवी.

हा उपयोग एखादा देश किती व्यवस्थितपणे करू शकतो, याचे उदाहरण म्हणून डेन्मार्कची हकिकत सांगतो. हा देश लहान, लोकसंख्येने आपल्या मुंबई शहराच्या निम्माही नाही. तेथील दक्षिण डेन्मार्क विद्यापीठातील इवा रूस आणि सोरेन स्काउ या संशोधकांनी २०१३ साली गुडघा आणि खुबा यांच्या संधिवातासाठी एक अभ्यासक्रम सुरू केला. त्याच्या नावाच्या आद्याक्षरांपासून "ग्लॅड" हा शब्द तयार होतो. इंग्रजीत त्याचा अर्थ आनंदी. आम्ही शिक्षक असल्यामुळे त्याची रचना आम्हांस विशेष भावली. प्रथम दोन पाठ केवळ समजावून सांगण्याचे: ही व्याधी काय आहे, व्यायाम कशासाठी, दुखले तर काय करावे. त्यानंतर प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोन वेळा, सहा आठवडे, असे बारा व्यायामाचे पाठ. आरंभी परीक्षा आणि अखेरीसही परीक्षा. ३० सेकंदांत खुर्चीवरून हात न टेकता किती वेळा उठता येते आणि ४० मीटर अंतर किती वेगाने चालता येते, हे मोजून ठेवतात. प्रत्येकाची नोंद होते आणि वर्षभराने पुन्हा विचारणा होते. पुढे हा अभ्यासक्रम कॅनडा, ऑस्ट्रेलिया, चीन, स्वित्झर्लंड इत्यादी देशांनीही उचलला. त्यात कोणतेही महागडे यंत्र नाही. खुर्ची, पायरी, सतरंजी आणि रबराचे पट्टे यांवर काम भागते.

आता आपण विचाराल की, याने गुण किती येतो? येथे आम्ही अतिशयोक्ती करणार नाही. जाहिरात करणाऱ्यास अतिशयोक्ती शोभते, शिक्षकास शोभत नाही. जगभरातील १३९ चाचण्यांचा एकत्र आढावा २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की, व्यायामाने वेदना आणि हालचाल या दोहोंत सुधारणा होते खरी, पण तुलनेच्या गटाहून ती सरासरीने बेताचीच, म्हणजे शंभर अंशांच्या मापावर आठ ते दहा अंशांच्या आसपास असते. कोणास याहून पुष्कळ अधिक लाभ होतो, कोणास कमी. तेव्हा "आठ दिवसांत गुडघे विशीचे" असे वचन जो कोणी देईल, त्याच्या दारातून परत फिरावे. मग बेताचा लाभ असूनही व्यायामाचा आग्रह कशासाठी? त्याचे कारण इतर मार्गांशी तुलना केल्यावर कळते. २००२ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे १८० रुग्णांवर एक चाचणी झाली. काहींच्या गुडघ्यात दुर्बीण घालून तो धुऊन अथवा खरवडून साफ केला, तर काहींच्या गुडघ्यावर केवळ चीर देऊन शिवण घातली. दोन वर्षांपर्यंत पाहिले, तरी खऱ्या शस्त्रक्रियेचे रुग्ण खोट्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांहून अधिक सुखी आढळले नाहीत. २०२० साली १५६ रुग्णांच्या दुसऱ्या एका चाचणीत सांध्यातील स्टेरॉइडच्या इंजेक्शनाची व्यायामोपचाराशी तुलना झाली. वर्षाअखेरीस व्यायामोपचाराचा गट सरस ठरला. वेदनाशामक गोळ्या तात्पुरता आराम देतात, पण त्या दीर्घकाळ घेतल्याने जठर आणि मूत्रपिंड यांस धोका पोचू शकतो, आणि आपल्या वयात रक्तदाब व मधुमेह सोबतीला असतातच. व्यायामाने या दोन सोबत्यांसही आळा बसतो, तोल सुधारतो आणि झोप बरी लागते. असे दुसरे औषध आम्हांस तरी ठाऊक नाही.

संपूर्ण गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेविषयी लोकांच्या मनात दोन टोकांचे विचार आढळतात. काहींना तिची अकारण धास्ती वाटते, तर काहींना ती दात काढण्याइतकी सोपी वाटते. भूतपूर्व पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या दोन्ही गुडघ्यांवर २००० आणि २००१ साली मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी ही शस्त्रक्रिया केली, आणि तेव्हापासून ती घरोघरी चर्चेचा विषय झाली. ही शस्त्रक्रिया उपकारक आहे यात शंका नाही. डेन्मार्कमध्येच १०० रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. हे सर्व रुग्ण शस्त्रक्रियेस योग्य ठरलेले होते. निम्म्यांची शस्त्रक्रिया करून त्यांस व्यायामोपचारही दिला. निम्म्यांस व्यायाम, शिक्षण, आहाराचा सल्ला इत्यादी उपचार बारा आठवडे दिले. वर्षानंतर शस्त्रक्रियेच्या गटास सुमारे दुप्पट आराम होता, पण त्या गटात गंभीर उपद्रवांची संख्या २४ होती. दुसऱ्या गटात ती ६ होती. आणि दुसऱ्या गटातील ५० जणांपैकी केवळ १३ जणांस त्या वर्षात शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. यावरून आम्ही इतकाच बोध घेतला की, व्यायाम ही पहिली पायरी आणि शस्त्रक्रिया ही शेवटची. पहिली पायरी गाळून एकदम शेवटचीवर उडी मारू नये, आणि शेवटची गाठण्याची वेळ खरोखरच आली तर भिऊ नये. शस्त्रक्रियेनंतरही व्यायाम सुटत नाही, हे ध्यानी असावे. ज्याची मांडी आधीच बळकट आहे, त्यास पुढचा काळ सोपा जातो.

प्रत्यक्ष व्यायाम कोणते, हे आता थोडक्यात सांगतो. पहिला खुर्चीचा. भिंतीस टेकविलेल्या, न सरकणाऱ्या भक्कम खुर्चीवर पुढे सरकून बसावे, दोन्ही पाऊले भुईवर सपाट ठेवावीत आणि सावकाश उभे राहून तितक्याच सावकाश बसावे. आरंभी हातांचा आधार घ्यावा, पुढे सोडावा. खुर्ची ठेंगणी असल्यास तीवर उशी ठेवावी. दुसरा, खुर्चीवर बसूनच एक पाय समोर सरळ करावा, मांडी आवळून पाच अंक मोजावेत आणि पाय हळूहळू खाली आणावा. तिसरा निजून करावयाचा: गुडघ्याखाली टॉवेलाची गुंडाळी ठेवून गुडघ्याने ती खाली दाबावी. ज्यांचे दुखणे अधिक आहे, त्यांनी येथूनच प्रारंभ करावा. चौथा, उताणे निजून, गुडघे दुमडून, कंबर वर उचलणे. पाचवा, कुशीवर निजून वरचा पाय सरळ ठेवून उचलणे. याने खुब्याच्या बाजूचे स्नायू बळावतात आणि चालताना गुडघा आत कलत नाही. सहावा पायरीचा: कठड्यास धरून एका ठेंगण्या पायरीवर चढणे आणि उतरणे. यांपैकी प्रत्येक दहा ते पंधरा वेळा, दोन किंवा तीन आवर्तने, मध्ये थोडा विसावा घेऊन करावा. जेव्हा पंधरा सहज जमू लागतील, तेव्हा तो व्यायाम किंचित अवघड करावा. यांखेरीज जमेल तितके चालणे आहेच.

एक खूण मात्र कटाक्षाने पाळावी. उठताना किंवा पायरी चढताना गुडघा पावलाच्या रेषेत, बोटांच्या दिशेस राहिला पाहिजे. तो आतल्या बाजूस कोसळू देऊ नये. आम्ही केंद्रात गेलो तेव्हा तेथील बाईंनी आम्हांस आरशापुढे उभे केले आणि आमचा गुडघा कसा कलतो ते दाखविले. ती मुलगी आमच्या विद्यार्थिनींच्या वयाची. परंतु पहिल्या आठवड्यात तिने आमच्या चुका ज्या शिस्तीने काढल्या, त्या पाहून आम्हांस समाधान वाटले. पुस्तकात वाचून अक्षर सुधारत नाही, ते गुरुजींनी हात धरून गिरवून घ्यावे लागते. व्यायामाचेही तसेच आहे. म्हणून आरंभीचे काही पाठ तरी जाणत्याच्या नजरेखालीच व्हावेत.

व्यायाम करताना दुखले तर काय, हा प्रश्न सर्वांस पडतो, आणि बहुतेकांचा व्यायाम येथेच सुटतो. त्यासाठी एक सोपा नियम आहे. वेदनेला शून्य ते दहा असे गुण द्यावेत. दोनपर्यंत निर्धास्त असावे. पाचपर्यंत चालेल. पाचावर गेल्यास त्या दिवशीचा व्यायाम हलका करावा. व्यायामाने वाढलेली कळ दुसऱ्या दिवशीपर्यंत, म्हणजे चोवीस तासांत, मूळपदावर आली पाहिजे. न आल्यास पुढील वेळी मात्रा कमी करावी. थोडे दुखणे म्हणजे इजा नव्हे, ही गोष्ट एकदा मनात ठसली म्हणजे अर्धे भय जाते. तसेच एक्स-रेचे चित्र पाहून खचून जाऊ नये. चित्रात पुष्कळ झीज असून सुखाने चालणारे लोक आहेत, आणि चित्र बरे असूनही विव्हळणारे आहेत. परंतु गुडघा एकाएकी सुजून लाल व गरम झाला, सोबत ताप आला, पायावर भारच देववेना, गुडघा मध्येच अडकून बसू लागला किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर व्यायाम थांबवून तत्काळ डॉक्टरांकडे जावे. हृदयविकार असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांस विचारूनच प्रारंभ करावा.

वजनाचा मुद्दा थोडा अप्रिय आहे, पण टाळता येत नाही. अमेरिकेतील वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ साली दाखवून दिले की, शरीराचे वजन एक किलोने घटले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी घटतो. दिवसाकाठी आपण हजारो पावले टाकतो. हिशेब ज्याचा त्याने करावा. संमेलनाच्या पंगतीत जिलेबीचा आग्रह करणाऱ्या मंडळींनी तो विशेषेकरून करावा. बैठकीविषयी म्हणाल तर, भुईवर बसणे हे पाप नाही. ज्यांस सुखाने जमते त्यांनी ते सोडू नये. ज्यांस जमत नाही त्यांनी दुखणे असेतोवर उंच आसन, उंच शौचपात्र यांचा आश्रय घ्यावा, त्यात संकोच नसावा. काठी घ्यावयाची तर दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात घ्यावी. जिना चढताना बरा पाय प्रथम, उतरताना दुखरा पाय प्रथम.

भगिनींनो, आता शेवटचा आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. वर सांगितलेल्या व्यायामास दिवसाकाठी अर्धा तास पुरतो. औषध फुकटचे आहे, पण हा अर्धा तास मात्र महाग आहे, आणि घरातील ज्या व्यक्तीस त्याची सर्वाधिक गरज असते, तिलाच तो मिळत नाही. आमच्या घरचेच सांगतो. आमच्या सौभाग्यवतींचे दोन्ही गुडघे आमच्या आधीपासून दुखत. व्यायाम त्यांस समजला होता, पटलाही होता. पण सकाळी चहा, मग नातवंडांचे डबे, मग देवपूजा, मग स्वयंपाक, आणि दुपारी अंग जड. तेव्हा घरात बसून आम्ही सर्वांनी वाटणी केली. सकाळचा चहा आमच्याकडे आला, डबे मुलगा व सूनबाई यांनी वाटून घेतले, आणि साडेसहा ते सात हा अर्धा तास त्यांचा ठरला. त्या वेळात त्यांस कोणी हाक मारावयाची नाही, हा नियम नातवंडेही पाळतात. पहिल्या दिवशी ३० सेकंदांत त्या खुर्चीवरून सहा वेळा उठू शकल्या. तीन महिन्यांनी अकरा वेळा. गुडघे अजूनही दुखतात, नाही असे नाही. पण त्या तिसऱ्या मजल्यावरून भाजी आणावयास स्वतः उतरतात, आणि आज या सभागृहात आल्या आहेत. "आईचे गुडघे दुखतात" असे म्हणून तेलाची बाटली आणून देणारे सुपुत्र पुष्कळ आहेत. त्यांनी बाटलीऐवजी अर्धा तास आणून द्यावा, अशी आमची त्यांस कळकळीची विनंती आहे. आणि भगिनींनीही "आता वय झाले, चालायचेच" हे वाक्य मुखातून काढू नये. वय झाले हे खरे. चालायचे असेल तर चालले मात्र पाहिजे.

अध्यक्ष महाराज, आमची एक सूचना आहे, तिचा कार्यकारी मंडळाने विचार करावा. आपल्या ज्ञातीचे हे सभागृह सोमवार ते शुक्रवार सकाळी रिकामे असते. आपल्या ज्ञातीत फिजिओथेरपीची पदवी घेतलेल्या मुली आहेत. त्यांच्या गुणगौरवाच्या प्रसंगी टाळ्या वाजविणाऱ्यांत आम्हीही होतो. आठवड्यातून दोन वेळा, सहा आठवडे, एका वेळी पंधरा जण, असे वर्ग येथे भरवावेत. खर्च म्हणाल तर त्या मुलींचे योग्य मानधन, एक लाकडी पायरी, रबराचे काही पट्टे आणि सतरंज्या. सतरंज्या तर संस्थेच्या आहेतच. मानधन मात्र अवश्य द्यावे. समाजाचे काम म्हणून विद्येचे मोल बुडवू नये. ज्यांस येण्याजाण्याची अडचण आहे, त्यांस घेऊन येण्याचे काम तरुण मंडळाने अंगावर घ्यावे. आरंभी आणि अखेरीस खुर्चीची परीक्षा घेऊन तिचे आकडे लिहून ठेवावेत. ते लिहिण्याचे काम आम्ही आनंदाने करू. गुणपत्रके भरण्यात आमचा जन्म गेला आहे. एकट्याने केलेला व्यायाम आठपंधरा दिवसांत सुटतो. दहा जणींसोबत केलेला टिकतो, कारण न आलेल्या दिवशी दहा जणी विचारतात, "काल का नाही आलात?" अशी विचारपूस करणारी माणसे एकत्र आणणे, यासाठीच तर आपल्या पूर्वजांनी ही संस्था स्थापन केली.

पुढील वर्षाच्या संमेलनात मागील भिंतीलगतच्या खुर्च्या एकदम रिकाम्या होतील, असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्या खुर्च्यांवरून हात न टेकता उठणाऱ्यांची संख्या वाढावी, आणि आज "जिना उतरवत नाही" म्हणून घरी राहिलेल्यांपैकी चार जणी तरी आपणांत येऊन बसाव्यात, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.  आमचे भाषण संपले. आता ज्यांस शक्य आहे त्यांनी कृपया उभे राहावे, खाली बसावे आणि पुन्हा उभे राहावे. प्रारंभ येथूनच होऊ द्या.